चालू होतोय, थांबा!

बोरीवलीचा माणूस तसा घाईचा. चर्चगेटला जाणाऱ्या फास्ट आणि स्लो गाडीत पंधरा-वीस मिनिटांचा फरक; पण तेवढ्यासाठी तो पुलावरून धावतो, समोरून आलेल्या सख्ख्या साडूला ओळख देत नाही आणि टपरीवरचा चहा अर्धा टाकून जातो. इंडिकेटरवर गाडी दोन मिनिटं उशिरा दिसली, की पश्चिम रेल्वेच्या एकूण कारभारावर प्लॅटफॉर्मवरच भाषण ठोकतो. हाच माणूस रविवारी सकाळी घरच्या जुन्या कॉम्प्युटरचं बटण दाबतो आणि हाताची घडी घालून, खुर्चीत मागे रेलून, काळ्या पडद्याकडे प्रसन्न चेहऱ्यानं बघत बसतो. आंघोळ राहिलेली असते, पोहे गार झालेले असतात. आतून कोणी हाक मारलीच तर नुसता हात वर करून सांगतो, "थांबा, चालू होतोय."

असे कॉम्प्युटर बोरीवलीत अजून पुष्कळ निघतील. गोराईपासून दौलतनगरपर्यंत कुठल्याही जुन्या इमारतीत बेल वाजवावी. हॉलच्या कोपऱ्यात, भरतकामाच्या झाकणाखाली, वर छोटा गणपती आणि बाजूला लाइट बिलांचा गठ्ठा, अशा थाटात एखादा तरी सापडतो. नमुन्यादाखल वझिरा नाक्याजवळच्या एका चार मजली सोसायटीतला घेऊ, कारण तो नुसता घरगुती नाही. तो सोसायटीच्या मानद सेक्रेटरींच्या घरी असल्यामुळे त्याला निमसरकारी दर्जा आहे. मेंटेनन्सची बिलं, थकबाकीच्या याद्या, आणि 'जिन्यात चपला काढू नयेत' या एकाच सूचनेच्या निरनिराळ्या वर्षांतल्या, चढत्या रागाच्या आवृत्त्या, एवढा सगळा ऐवज त्याच्या पोटात आहे.

सेक्रेटरी मंत्रालयातून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरच्या बाबतीत ते अडाणी आहेत असं कोणी समजू नये. एमकेसीएलने २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आणला, पुढे तो सरकारी नोकरांना सक्तीचा झाला आणि वेतनवाढ त्यावर अडू लागली, तेव्हा अर्ध्या मंत्रालयानं पन्नाशीत दप्तर घेतलं होतं. सेक्रेटरी त्यात होते आणि उत्तम गुणांनी पास झाले होते. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर आहे. बरोबर कॉम्प्युटरच्या वर, म्हणजे कॉम्प्युटरलाही आपण कोणाच्या हाताखाली आहोत ते कळावं. घरात काही वादविवाद झाला की ते त्या फ्रेमकडे फक्त बघतात.

यंत्र २००८ सालचं. एक जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. ही एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टनं तिची देखभाल अधिकृतपणे थांबवली. बोरीवलीपर्यंत ही बातमी आली होती, पण सेक्रेटरींनी तिच्यावर 'नोंद घेतली' असा शेरा मारून ती फाइल केली. पडद्यावर अजून तीच हिरवी टेकडी आणि वर निळं आभाळ. चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकारानं १९९६ साली कॅलिफोर्नियात रस्त्यानं जाताजाता टिपलेला हा फोटो. घरात मात्र तो पाचगणीचा आहे असं सर्वमान्य आहे. काकूंचा त्यातही मतभेद आहे. त्यांच्या मते हा खंडाळा असून, लग्नानंतर तिथं नेण्याचं कबूल करून नेलं गेलं नव्हतं.

एवढा जुना कॉम्प्युटर टाकून का देत नाहीत, असं नवीन भाडेकरू विचारतात. कारण फॉक्सप्रो. सोसायटीचा हिशेबाचा प्रोग्रॅम पहिल्या मजल्यावरच्या एका हुशार मुलानं १९९७ साली, इंजिनिअरिंगला असताना, दिवाळीच्या सुट्टीत फॉक्सप्रोत लिहून दिला. मानधन म्हणून कमिटीनं त्याला नारळ आणि पेन दिलं. जुन्या डॉसमधला तो प्रोग्रॅम सोळा बिटांचा. आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तो चालतच नाही. खुद्द फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ सालची, आणि २०१५ च्या जानेवारीत तिचीही देखभाल संपली. तो मुलगा आता न्यू जर्सीत असतो, केस पिकलेत, त्याचाच मुलगा कॉलेजात जातो. तरी दर तिमाहीला बिलं काढताना काही अडलं, की सेक्रेटरी सकाळची पूजा आटोपून त्याला फोन लावतात. तिकडे तेव्हा मध्यरात्र असते.

"बाळा, झोपला होतास का?"

"काका... कोण गेलं?"

"कोणी नाही. एंटर दाबल्यावर 'फाइल नॉट फाउंड' येतंय."

"काका, तो प्रोग्रॅम अजून चालू आहे?" पलीकडचा माणूस खाडकन जागा होतो. अमेरिकेत तो म्हणे मोठमोठ्या बँकांच्या यंत्रणा सांभाळतो. पण वझिऱ्याच्या नावानं त्याला अजून घाम फुटतो.

यंदाच्या सप्टेंबरात प्रसंग बाका आला. सहकार कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते. गणपती उठले होते, पितृपक्ष चालू होता, शेवटचा रविवार सभेसाठी धरलेला होता. आणि कॉम्प्युटर? तो नेहमी हळू चालायचा. आता त्यानं चालणंच सोडलं. माउस हलवावा तर बाण काही वेळानं, विचार करून हलायचा. 'कॉपी' आणि 'पेस्ट' यांच्यामध्ये काकूंचा कुकर तीन शिट्ट्या देऊन उतरायचा.

आपल्याकडे आजाऱ्यापेक्षा वैद्य जास्त. बातमी जिन्यातून वर गेली आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक मजल्याचं निदान आलं. पहिला मजला म्हणाला व्हायरस. तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, "रॅम वाढवा, दुसरं काही नाही." त्यांना रॅम म्हणजे काय विचारलं असतं तर त्यांनी विषय बदलला असता, पण कोणी विचारत नाही हा या सल्ल्याचा मोठा गुण आहे. चौथ्या मजल्यानं पडद्याचं तोंड पूर्वेला करायला सांगितलं. वॉचमननं "एक बार बंद करके चालू करो" एवढंच सांगितलं. जगभरच्या कंपन्या मदतीसाठी फोन करणाऱ्याला पहिल्यांदा हेच सांगतात आणि ते सांगणाऱ्यांना पगारही चांगला मिळतो.

कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबण्याची युक्ती आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्यानं १९८१ च्या सुमारास काढली. ती फक्त कंपनीतल्या लोकांनी चाचणीच्या वेळी वापरायची, बाहेर कोणाला सांगायची नाही, असा बेत होता. तो पूर्ण फसला. सेक्रेटरी ही तीन बटणं दोन्ही हातांची बोटं ताणून, डोळे मिटून दाबतात. त्यातून उघडणाऱ्या यादीत कॉम्प्युटरमध्ये आत्ता काय काय चाललंय ते दिसतं. नावं सगळी अनोळखी. सेक्रेटरींनी कार्यालयीन शिस्तीनं ठरवलं, की ज्याची नेमणूक आपण केली नाही, त्याला कामावर ठेवायचं नाही. एकेक नाव बडतर्फ करता करता त्यांनी असं काहीतरी बंद केलं, की पडदा निळा झाला आणि त्यावर पांढऱ्या इंग्रजीत एक लांबलचक खुलासा आला. तो त्यांनी वहीत उतरवून घेतला. पुढच्या सभेपुढे ठेवायला.

या सगळ्या उपचारांत माणसाला धीर देते ती पडद्यावरची हिरवी पट्टी. काम किती झालं हे दाखवत ती डावीकडून उजवीकडे भरत जाते. ब्रॅड मायर्स नावाच्या टोरांटो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यानं १९८५ साली अशा पट्ट्यांवर प्रयोग केले आणि लोकांना पट्टी असलेलं काम पट्टी नसलेल्या कामापेक्षा बरं वाटतं, असं त्याला आढळलं. वेळ तेवढाच लागला तरी हरकत नाही. काहीतरी सरकताना दिसलं पाहिजे. मंत्रालयात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला हे टोरांटोहून कळायची गरज नव्हती. सेक्रेटरींची पट्टी मात्र नव्व्याण्णव टक्क्यांवर पोचते आणि तिथं बसते. उरलेल्या एका टक्क्यात काय काम असतं, हे आजवर कोणालाच समजलेलं नाही.

मग भाच्याला बोलावलं. भाचा अकरावीला, कांदिवलीला राहतो, आणि मामाकडे येताना स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतो. एखादा सर्जन आपली हत्यारं आणतो तसा. त्यानं कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि विचारलं, "मामा, हे तुमच्याआधी कोणाकडे होतं?" सूचनेची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आपल्या लॅपटॉपवर छापून देतो, एवढं त्यानं कबूल केलं. फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, उद्गारचिन्हं आणि डॉलरच्या खुणांचा चिवडा.

"मामा, फाइलला व्हायरस लागलाय."

"ती सभेची नोटीस आहे रे."

"यात डॉलर कुठून आले?"

"डॉलर नाहीत, थकबाकी आहे ती."

व्हायरस वगैरे काही नव्हता. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून हक्काची जागा आहे. पण घराघरांत ती पोचायला बरीच वर्षं गेली. तोवर शिवाजी, आकृती, श्रीलिपी अशा फॉन्टांवर महाराष्ट्राचा कारभार चालला. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, तहसीलदाराचे दाखले, सगळा. बहुतेक फॉन्टांची युक्ती एकच: कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी अक्षर ठेवलंय, आणि पडद्यावर मात्र त्या जागी 'क' नाही तर वेलांटी उमटायची. तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही, तिथं बिंग फुटतं. महाराष्ट्रात अशा फायली किती पडून आहेत याचा हिशेब कोणाकडे नसेल, पण ज्या सेक्रेटरीनं बाथरूमच्या गळतीवर दहा वर्षं पत्रव्यवहार केला आणि आता त्याला तो वाचता येत नाही, त्याचं दुःख मोठं आहे. गळती अजून चालू आहे हा भाग वेगळा.

भाचा हरला, तेव्हा दुरुस्तीवाल्याला फोन गेला. तो आला आणि कॉम्प्युटर बटण दाबताच सुरळीत चालू झाला. कधी नव्हे ती गाणी वाजली. शाळेतल्या बाईंसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या नातवाकडे आजोबा बघतात, तसे सेक्रेटरी कॉम्प्युटरकडे बघत राहिले. "काका, मस्त चलता है," असं म्हणून दुरुस्तीवाला भेटीचे पैसे घेऊन जिन्यापर्यंत पोचला असेल नसेल, पडदा गोठला. त्याला गॅलरीतून हाक मारून परत आणलं.

या वेळी त्यानं कॅबिनेट उघडलं. आत २००८ पासूनची बोरीवली होती. राष्ट्रीय उद्यान एवढं हाकेच्या अंतरावर, तरी हवेत धूळ ती धूळच. वर समुद्राकडून येणारा दमटपणा. दोघांनी मिळून पंख्याभोवती राखाडी रंगाची गोधडी शिवली होती. पंखा अडला की प्रोसेसर तापतो, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम हळू चालतो. म्हणजे ही निव्वळ आळशीपणाची गोष्ट नव्हती, वैद्यकीय रजा होती. गोधडीत एक वाळलेली पालही निघाली. काकूंनी तिथल्या तिथं सगळ्याला हात जोडले.

दुरुस्तीवाल्यानं पाल कागदावर घेऊन खिडकीबाहेर टाकली. वास्तविक ती जपायला हवी होती. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवला, खाली नोंद लिहिली, आणि ती वही आज अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. तो तर नुसता पतंग! सेक्रेटरींना हे माहीत असतं तर त्यांनी पाल इतिवृत्ताच्या वहीला लावली असती आणि पुढच्या लेखापरीक्षकानं तिच्यावर हरकत घेतली असती.

यानंतर दुरुस्तीवाल्यानं रॅमची पट्टी उपसून काढली, खिशातून शाळकरी खोडरबर काढला आणि तिचे सोनेरी दात घासायला सुरुवात केली. हा विधी भारतभर होतो आणि त्यात अंधश्रद्धा मुळीच नाही. त्या टोकांवर दमट हवेनं मळ साचतो, तो खोडला की वीज नीट वाहते. मग त्यानं फुंकर मारली. फुंकरीमागे मात्र कसलंही शास्त्र नाही, असलंच तर उलट आहे. कारण तोंडातली वाफ आत जाते. तरी फुंकर न मारता रॅम बसवणारा दुरुस्तीवाला अजून जन्माला यायचा आहे. "रॅम बढाना पडेगा," तो शेवटी म्हणाला. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दारातच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं तेज बघवत नव्हतं.

रॅमसाठी लॅमिंग्टन रोड. मुंबई प्रांताचा एक गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन, त्याच्या नावाचा हा रस्ता, आणि त्याचं डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नामकरण होऊनही बरीच वर्षं लोटली. पण दुकानदार, गिऱ्हाईक आणि टॅक्सीवाले यांच्यापैकी कोणी ते मनावर घेतलेलं नाही. जवळचं स्टेशन ग्रँट रोड. तिथं फास्ट गाडी थांबत नाही. म्हणजे कॉम्प्युटरचा वेग वाढवायला बोरीवलीहून निघायचं, तर स्लो लोकलनं जावं लागतं. मुंबई सेंट्रलला फास्टमधून उतरून चालत जाता येतं असं शेजाऱ्यांनी सुचवलं, पण सेक्रेटरींनी बोरीवलीहूनच सुटणारी स्लो पकडली, खिडकी मिळवली, आणि चर्चगेटच्या दिशेनं प्रत्येक स्टेशनचं नाव वाचत गेले.

दुकानदारानं एकच प्रश्न विचारला. "डीडीआर टू या थ्री?"

प्रश्न एमएस-सीआयटीत नव्हता. सेक्रेटरींनी क्षणभर विचार केला. टू पेक्षा थ्री मोठा, आणि नवीनही असणार. "थ्री," ते ठामपणे म्हणाले. दुकानदारानं पाकीट बांधून दिलं.

डीडीआर टू आणि डीडीआर थ्री या दोन्ही पट्ट्या दिसायला जुळ्या बहिणी. दोघींना २४० टोकं, लांबी एक. फक्त मधली खाच थोडी इकडेतिकडे. एकीच्या जागी दुसरी बसू नये म्हणूनच ती खाच तशी कापलेली असते. सेक्रेटरींना ते माहीत नव्हतं. त्यांनी पट्टी अंगठ्यानं दाबली, मग तळहातानं दाबली, मग भाच्याला दाबायला सांगितली. तिसऱ्या मजल्यानं, बसत नसेल तर खोबरेल तेल लावून पाहा, असा सल्ला दिला, तो काकूंनी वेळीच हाणून पाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्लो, पुन्हा खिडकी. या वेळी दुकानदारानं खालच्या खणातून, रबर लावलेल्या जुड्यातून डीडीआर टूची पट्टी काढली. "चाचा, अभी यह कौन यूज करता है?" त्यानं विचारलं. "सोसायटी," सेक्रेटरी म्हणाले.

थोडक्या मेमरीत भागवण्याची मुंबईला जुनी सवय आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशात घडवलेला एक भव्य संगणक सुरू झाला. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नाव 'टीफ्रॅक' ठेवलं. त्याच्या मुख्य स्मृतीत चाळीस बिटांचे २०४८ शब्द मावत. चपलांची नोटीसही तिथं जेमतेम बसली असती. तेवढ्या शिदोरीवर शास्त्रज्ञांनी काय काय गणितं केली! आणि इथं एक जीबी असूनही आठ बिऱ्हाडांच्या मेंटेनन्सची बेरीज होत नव्हती. यंत्रं जेवढ्या झपाट्यानं वेगवान होतात, त्याहून झपाट्यानं सॉफ्टवेअर सुस्त होत जातं, असं निक्लाउस विर्थ या स्विस संगणकतज्ज्ञानं १९९५ सालीच लिहून ठेवलं होतं. विर्थ बोरीवलीला कधी आला असल्याचं ऐकिवात नाही.

रॅम बसली. कॉम्प्युटर किंचित हलका वाटू लागला. सेक्रेटरींनी त्याच रात्री बिलं आणि थकबाकीची यादी छापायला घेतली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या आवाजानं चौथ्या मजल्यापर्यंत सगळे जागे झाले, पण काम होतंय या समाधानात कोणी तक्रार केली नाही. सकाळी वॉचमननं बिलं घरोघर टाकली.

नऊ वाजता दुसऱ्या मजल्यावरचे सभासद दारात हजर. हे सोसायटीचे नामवंत थकबाकीदार. जानेवारीपासून दहा हजार रुपये त्यांच्याकडे येणं होतं आणि जिन्यात सेक्रेटरी दिसले की ते मोबाइलवर बोलू लागत, कधीकधी मोबाइल हातात नसतानाही. आज त्यांनी दाढी केली होती, शर्ट इस्त्रीचा होता.

"सेक्रेटरीसाहेब, नमस्कार. पैसे घ्यायला आलोय."

"द्यायला."

"नाही, घ्यायला. बिलात बघा."

बिलात स्वच्छ छापलं होतं. मुद्दल दहा हजार. व्याज उणे पस्तीस हजार सातशे. एकूण येणं उणे पंचवीस हजार सातशे. आणि बिलाची तारीख, १ जानेवारी २००८.

उलगडा व्हायला वेळ लागला. आदर्श उपविधींनी थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावायची मुभा दिलेली, त्याप्रमाणे १९९७ च्या त्या हुशार मुलानं सूत्र लिहिलं होतं: आजच्या तारखेतून थकल्याची तारीख वजा करा आणि येईल त्याला दरानं गुणा. आजची तारीख थकल्याच्या तारखेच्या सतरा वर्षं आधीची असेल, हे त्याला दिवाळीच्या सुट्टीत सुचलं नव्हतं. प्रोग्रॅमनं इमानेइतबारे उणे सतरा वर्षांचं व्याज लावलं. जे नियमितपणे पैसे भरत होते त्यांना काही मिळालं नाही. ज्यानं बुडवले त्याला घबाड. असे हिशेब आपल्याकडे याआधीही झालेले आहेत, पण ते करायला कॉम्प्युटर लागला नव्हता.

"बाबा, रोज सकाळी एफ-वन दाबायला लागतं का?" सून सँडलचा पट्टा लावत दारातून म्हणाली. ती मालाडला एका आयटी कंपनीत असते आणि नेमकी ८.१७ ची गाडी चुकल्यामुळे त्या दिवशी घरी होती. "मदरबोर्डचा सेल गेलाय. मी पावसाळ्यातच म्हणाले होते."

ती खरंच म्हणाली होती. त्या वेळी हॉलमध्ये पहिला, तिसरा आणि चौथा मजला मिळून व्हायरसवर चर्चा करत होते, त्यात ते राहून गेलं. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर रुपयाएवढा एक गोल सेल असतो. सीआर २०३२, वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, तीन व्होल्टचा. घड्याळवाल्याकडे दोन-तीन वडापावांच्या पैशांत मिळणारा. वीज बंद असताना तारीख-वेळ लक्षात ठेवणं हे त्याचं काम. भिंतीवरचं बटण चालू ठेवलं तर तो गेला तरी चटकन कळत नाही. पण सेक्रेटरी रोज रात्री गॅस, कडी आणि कॉम्प्युटरचं मेन बटण अशी तीन ठिकाणं तपासून, बटण बंद करूनच झोपतात. त्यामुळे रोज सकाळी कॉम्प्युटर २००८ मध्ये जागा व्हायचा, तारीख हरवल्याचं इंग्रजीत सांगायचा आणि पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा अशी विनंती करायचा. सेक्रेटरींना तो नमस्कार वाटला. उत्तरादाखल एफ-वन दाबायची त्यांना सवय झाली. विसर पडू नये म्हणून त्यांनी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीही डकवली होती: 'चालू केल्यावर एफ-वन दाबणे. हुकमावरून.'

सेल बदलला. त्या शनिवारी सुनेनं गुपचूप जुनी हार्ड डिस्कही काढून ठेवली. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी, खराब झालेल्या जागा पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसलेली. खरा आळस तिथं होता. तिच्या जागी एसएसडी आली, जिच्यात फिरणारं काही नाही. सगळं जसंच्या तसं: फॉक्सप्रो, शिवाजी फॉन्ट, हिरवी टेकडी. रविवारी सकाळी सेक्रेटरींनी बटण दाबलं, हाताची घडी घातली, मागे रेलले, आणि पाठ खुर्चीला टेकेपर्यंत पाचगणी समोर हजर. ते दचकले. हा अर्धवट चालू झाला असणार, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी तो बंद करून पुन्हा चालू केला. मग पुन्हा. चौथ्या वेळी काकूंनी पोहे आणून ठेवले, ते गरम होते, तेव्हा ते जास्तच अस्वस्थ झाले.

सूचना नव्या तारखेनं वेळेत निघाली आणि सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी गच्चीवर भरली. 'संगणकाबाबत विचार करणे' हा विषय होता. नवीन कॉम्प्युटर घ्यावा असं एकमतानं ठरलं. मग तो किती रुपयांचा घ्यावा यावर मतभेद झाले. मग तीन दरपत्रकं मागवावीत असं ठरलं. मग दरपत्रकं मागवायला उपसमिती नेमावी असं ठरलं. नव्या यंत्रावर फॉक्सप्रो चालणार नाही, हे सुनेनं उठून सांगितल्यावर न्यू जर्सीला सगळ्यांतर्फे व्हिडिओ कॉल लावण्यात आला. तिकडून फोन कट झाला. रेंज नसेल, असं अध्यक्ष म्हणाले.

ऐन वेळच्या विषयात दुसऱ्या मजल्यावरचे सभासद उभे राहिले. जुना कॉम्प्युटर सोसायटीची शान असून त्याच्या मूळ भागांशी छेडछाड करणं योग्य नाही, सबब काढून टाकलेला जुना सेल पूर्ववत बसवावा आणि ऑक्टोबरची बिलं त्यानंतरच काढावीत, असा ठराव त्यांनी मांडला. ठरावास अनुमोदक न मिळाल्यामुळे तो बारगळला, अशी नोंद इतिवृत्तात आहे. गच्चीवर त्या वेळी पाच हात वर झाले होते, त्यांत एक तिसऱ्या मजल्याचा होता. पण सेक्रेटरी तेवढ्यात चहा आला का ते बघायला वळले होते.